स्टेजवर चढायच्या आधी फेडरेशन ओळखा: आयएफबीबी, डब्ल्यूबीपीएफ, प्रो कार्ड आणि तुमच्या हातातलं सर्टिफिकेट

थंडी पडली की जिममधली पोरं एकेक करून जवळ येतात, भाऊ यावर्षी बॉडीबिल्डिंगच्या स्टेजवर जायचंच, कटिंग म्हणजे चरबी उतरवायचं कधीपासून चालू करू. कटिंग सांगणारे जिममध्ये ढीगभर असतात, त्यामुळे मी आधी एकच विचारतो, स्पर्धा कोणाची आहे? इथे गाडी अडते. पोस्टर पाहिलेलं असतं, बक्षिसाची रक्कम तोंडपाठ असते, पाहुणा कोण येणार तेही माहीत असतं, पण स्पर्धा घेणारी संघटना कोणाला जोडलेली आहे, तिचा निकाल पुढे कोण मानतं, हे नव्वद टक्के पोरांनी विचारलेलंच नसतं. आणि तीन महिने उकडलेलं चिकन आणि अळणी भात खाऊन जे मेडल मिळतं त्याची किंमत तिथेच ठरते.

मला हे कळायला एक मेडल खर्ची पडलं. माझी पहिली स्पर्धा, मैदानात मोठा मंडप, लाईट, म्युझिक सगळं जोरात, गटात दुसरा आलो, गळ्यात मेडल आणि हातात सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट. पुढे खेळाडू कोट्यातून नोकरीसाठी फाईल केली तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सर्टिफिकेट उलटंसुलटं करून बघितलं आणि शांतपणे विचारलं, ही संघटना राज्य संघटनेला संलग्न आहे का? वर "राज्यस्तरीय" छापलेलं होतं, "आंतरराष्ट्रीय नियमांनुसार" असंही होतं, संलग्नतेचा नंबर मात्र कुठेच नव्हता. आयोजकांना फोन केला तर म्हणाले संलग्नतेचं काम चालू आहे. ते काम काही पूर्ण झालं नाही, आणि माझी फाईल परत आली. ती वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून एवढं लांबलचक लिहितोय, सगळं एकदम वाचायला जमलं नाही तर सेव्ह करा पण एंट्री फी भरायच्या आधी वाचा.

आधी साखळी समजून घ्या

कुठलाही खेळ एका साखळीवर चालतो. तालुक्याची किंवा जिल्ह्याची संघटना, तिच्या वर राज्याची, तिच्या वर देशाची, मग आशियाची आणि सगळ्यात वर आंतरराष्ट्रीय संघटना. नियमपुस्तक वरून खाली येतं आणि खेळाडू खालून वर जातो. म्हणजे गट कोणते, पोझ कोणत्या, ट्रंक म्हणजे स्टेजवर घालायची चड्डी कशी, गुण कसे मोजायचे, पंच व्हायला काय परीक्षा, डोपिंगमध्ये सापडला तर काय, हे सगळं वरची संघटना ठरवते. आणि वर्ल्ड चॅम्पियनशिपला जायचं तर तुम्ही स्वतः फॉर्म भरून जाऊ शकत नाही, तुमचं नाव देशाच्या संघटनेनेच पाठवावं लागतं. देशाची संघटना ते राज्याच्या टीममधून उचलते, राज्य जिल्ह्यातून. यातली एक कडी जरी तुटलेली असली तरी तुमचं मेडल तिथेच थांबतं, मग बॉडी कितीही भारी असो.

क्रिकेटमध्ये हे सोपं आहे, वर एकच आयसीसी. आपल्या खेळात वर एक नाही, बऱ्याच आहेत, आणि पोरांचा गोंधळ होतो तो इथेच. त्यामुळे थोडा इतिहास सांगतो, परीक्षेसाठी नाही, पोस्टरवरची अक्षरं वाचता यावीत म्हणून.

आयएफबीबी म्हणजे बॉडीबिल्डिंगची आंतरराष्ट्रीय संघटना, सगळ्यात जुन्या आणि मोठ्या नावांपैकी एक. १९४६ साली कॅनडात मॉन्ट्रियलला बेन आणि जो वीडर या दोन भावांनी ती काढली. जो मासिकं आणि धंद्याच्या बाजूला होता, बेन देशोदेशी फिरून संघटना जोडत राहिला आणि २००६ पर्यंत अध्यक्ष राहिला, त्याच्यानंतर स्पेनचे राफाएल सांतोंहा आले. १९६५ ला जो वीडरने मिस्टर ऑलिम्पिया चालू केली, कारण मिस्टर युनिव्हर्स जिंकलेल्यांना पुढे खेळायला काही उरतच नव्हतं, पहिला ऑलिम्पिया जिंकला लॅरी स्कॉट. तिकडे इंग्लंडमध्ये नाबा नावाची वेगळी संघटना, १९५० ची, लंडनची मिस्टर युनिव्हर्स तिची.

आता बघा एका किताबाच्या नावाने कसा घोळ होतो. १९५१ ला मनोतोष रॉय आणि १९५२ ला मनोहर आईच, दोघेही बंगालचे, लंडनला मिस्टर युनिव्हर्समध्ये जिंकले, ती नाबाची. १९८८ ला पंजाबच्या प्रेमचंद डेगरांनी ऑस्ट्रेलियात किताब मारला, त्यांनाही आपण मिस्टर युनिव्हर्सच म्हणतो, पण ती आयएफबीबीची वर्ल्ड अमॅच्युअर चॅम्पियनशिप. तिघेही ग्रेटच, आईच तर पाच फुटाच्याही आत उंचीचे होते, पण स्पर्धा वेगळ्या, संघटना वेगळ्या. म्हणून आज कोणी मिस्टर युनिव्हर्स किंवा मिस्टर वर्ल्ड म्हणून कार्ड छापलं की पहिला प्रश्न, कोणत्या फेडरेशनचा?

आपल्याकडचं चित्र अजून वेगळं. मुंबई श्री, महाराष्ट्र श्री, भारत श्री ही ज्या साखळीत पिढ्यानपिढ्या चालत आली, ज्यातून सुहास खामकर, संग्राम चौगुले, सुनीत जाधव असे लोक पुढे आले ज्यांना बघून आमच्यासारख्यांनी डंबेल हातात घेतले, ती इंडियन बॉडी बिल्डर्स फेडरेशन म्हणजे आयबीबीएफची. आणि आयबीबीएफ वर आयएफबीबीला जोडलेली नाही, ती जोडलेली आहे डब्ल्यूबीपीएफला, म्हणजे २००९ पासूनची वर्ल्ड बॉडीबिल्डिंग अँड फिजिक स्पोर्ट्स फेडरेशन. याच डब्ल्यूबीपीएफची वर्ल्ड चॅम्पियनशिप डिसेंबर २०१४ मध्ये आपल्या मुंबईत झाली होती. तेव्हा "मी भारत श्री खेळलो म्हणजे आता आयएफबीबी वर्ल्डला जाणार" असं कोणी म्हणालं तर त्याला साखळी कळलेली नाही, त्या दोन वेगळ्या गाड्या आहेत, वेगळ्या प्लॅटफॉर्मवरून सुटतात.

आणि आयएफबीबीची स्वतःची पण २०१७ मध्ये फाटाफूट झाली. अमेरिकेतली एनपीसी नावाची अमॅच्युअर संघटना आणि व्यावसायिकांची आयएफबीबी प्रो लीग एका बाजूला गेली, आंतरराष्ट्रीय आयएफबीबी दुसऱ्या बाजूला राहिली आणि तिने एलिट प्रो नावाची स्वतःची व्यावसायिक साखळी काढली. मिस्टर ऑलिम्पिया आहे ती प्रो लीगच्या बाजूला. दोघांच्या नावात आयएफबीबी, लोगोत पण जुनी ओळख, त्यामुळे "आयएफबीबी प्रो कार्ड", म्हणजे व्यावसायिक स्पर्धेत उतरायची परवानगी, एवढं ऐकून भुलू नका, एलिट प्रो कार्ड घेऊन ऑलिम्पियाच्या रस्त्याला लागता येत नाही. याच्यावर खाली परत येतो कारण पोरांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात.

फी भरायच्या आधी काय विचारायचं

आयोजकाला फोन करा, पण उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा, फोनवरचं नंतर कोणाला आठवत नाही. विचारायचं असं: स्पर्धा कोणत्या जिल्हा किंवा राज्य संघटनेच्या मान्यतेने आहे, मान्यतेचं पत्र आहे का, ते याच वर्षाचं आहे का. मान्यतापत्राचा फोटो मागायला लाजू नका. खरा आयोजक लगेच पाठवतो, उलट त्याला बरं वाटतं की पोरगा विचारतोय. जो चिडतो, "तुला खेळायचं की चौकशी करायची" म्हणतो, तिथे पाय मागे घ्या.

मग तेवढ्यावर थांबायचं नाही. आयोजकाने जे नाव सांगितलं ते वरून खाली तपासायचं. आंतरराष्ट्रीय फेडरेशनच्या वेबसाईटवर सदस्य देशांची यादी असते, त्यात इंडियासमोर कोणाचं नाव आहे ते बघा. मग त्या राष्ट्रीय संघटनेकडे विचारा की महाराष्ट्रात तुमची राज्य संघटना कोण, आणि राज्याकडे विचारा की आमच्या जिल्ह्यात कोण. नावं अक्षर अन् अक्षर जुळली पाहिजेत, कारण एका शब्दाच्या फरकाने दोन संघटना असतात, "असोसिएशन" आणि "फेडरेशन" एवढाच फरक आणि पदाधिकारी पूर्ण वेगळे. केंद्राचं क्रीडा मंत्रालय मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनांची यादी काढतं, ती पण दरवर्षी बघायची, गेल्या वर्षी नाव होतं म्हणून यावर्षी असेलच असं नाही.

नोकरीच्या किंवा ग्रेस मार्काच्या हिशोबाने खेळणार असाल तर याच्याही पुढे जा. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यासाठी कोणता खेळ, कोणत्या लेव्हलची स्पर्धा, कितवा नंबर हे सगळं शासन निर्णयात लिहिलेलं असतं आणि सर्टिफिकेटची पडताळणी क्रीडा खात्याकडून होते. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या ऑफिसात जाऊन एकदा विचारून या, अर्धा दिवस जातो फक्त. मी आधी गेलो असतो तर ती स्पर्धा सोडून त्याच महिन्यातली दुसरी खेळलो असतो.

अजून एक गोष्ट जी पोरं वाचत नाहीत, एंट्री फॉर्मच्या खाली बारीक अक्षरातलं हमीपत्र. बऱ्याच संघटनांचा नियम असतो की आमचा खेळाडू दुसऱ्या, आमची मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळला तर त्याच्यावर बंदी. दोन गाड्यांवर पाय ठेवून काही पोरं खेळतात, एका महिन्यात इकडे, पुढच्या महिन्यात तिकडे, फोटो इन्स्टावर टाकतात आणि मग स्टेट सिलेक्शनच्या दिवशी नाव यादीत नसतं. हे बरोबर की चूक यावर माझं मत असं की खेळाडूला इतकं बांधून ठेवणं बरोबर नाही, फेडरेशनच्या भांडणात भरडला जातो तो पोरगाच, पण नियम आहे तोवर तो माहीत असलाच पाहिजे. सही करायच्या आधी वाचा आणि पुढचं पूर्ण वर्ष कोणाकडे खेळायचं ते आधीच ठरवा.

नियमपुस्तक डाउनलोड करा, आणि खरंच वाचा

आंतरराष्ट्रीय संघटनेचं सगळ्यात उपयोगी काम हेच, तिने सगळं लिहून ठेवलेलं असतं आणि ते फुकट मिळतं. पहिल्यांदा तुमचा गट ठरवा. पूर्वी बॉडीबिल्डिंग म्हणजे एकच, आता मेन्स फिजिक आहे, क्लासिक बॉडीबिल्डिंग आहे, क्लासिक फिजिक आहे, बायकांसाठी बिकिनी, वेलनेस, बॉडीफिटनेस, विमेन्स फिजिक. प्रत्येकात पंच वेगळं बघतात. मेन्स फिजिकला बोर्ड शॉर्ट्स घालून उभं राहायचं असतं, मांड्या झाकलेल्या, तिथे खांदे रुंद आणि कंबर बारीक अशी बॉडी बघतात, उगाच जाड होऊन गेलात तर मागे पडता. क्लासिकमध्ये वजनाला उंचीची मर्यादा, पाया असतो सेंटिमीटरमधली उंची वजा १००, आणि त्याच्यावर त्या गटात जेवढे किलो जास्तीचे चालतात तेवढे. म्हणजे १६८ सेंटिमीटर उंची असेल तर ६८ पासून हिशोब सुरू, वर किती चालेल ते त्या वर्षीच्या नियमपुस्तकात बघायचं. उंची घरी भिंतीला टेकून, अनवाणी, दोनदा मोजा. एका सेंटिमीटरने गट बदलतो.

बॉडीबिल्डिंगमध्ये मात्र सरळ वजनी गट. आपल्याकडे ५५, ६०, ६५, ७० असे पाच पाचच्या टप्प्यांनी वर जातात, तुमच्या संघटनेचे नेमके कोणते ते फॉर्मवर असतं. वजन देताना फक्त ट्रंकवर काट्यावर उभं राहायचं.

वजनावरून एक प्रसंग सांगतो. आमच्या जिममधला एक मुलगा ७० च्या गटात, काट्यावर आकडा आला ७० किलो ४०० ग्रॅम. पंचांनी अर्धा तास दिला, आयएफबीबीच्या नियमात पण तेवढीच सवलत आहे. तो हॉलच्या मागच्या जिन्यावर रेनकोट घालून वरखाली पळत होता, कपाळावरचा घाम टिपकत नव्हता कारण अंगात पाणीच नव्हतं, दोन दिवस त्याने नीट पाणी प्यायलेलं नव्हतं. पंचवीस मिनिटांनी परत काटा, ७० किलो १०० ग्रॅम. तिसऱ्यांदा काट्यावर चढायच्या आत वेळ संपली. ७५ मध्ये टाकलं, तिथे त्याच्यासमोर सगळे ७४.८ चे घोडे. शेवटच्या पाचात पण नाही आला. त्याच्या जिमचा काटा ६०० ग्रॅम कमी दाखवत होता एवढंच सगळं कारण. म्हणून स्पर्धेच्या आधी पंधरा दिवस दोन वेगवेगळ्या काट्यांवर वजन करा, आणि शेवटच्या दिवशी पाणी तोडून गटात बसायचा प्लॅन करूच नका, गटाच्या आत एक किलो राहून या.

ट्रंक एका रंगाची, चमकणारी नको, आणि मागून किमान तीन चतुर्थांश झाकणारी, हे आयएफबीबीच्या पुस्तकात लिहिलंय. अंग सावळं दिसावं म्हणून लावायच्या कलरचं पण तसंच, हात लावला की निघणारा, पुसला की जाणारा कलर चालत नाही. बॅकस्टेजला पंच टिश्यू पेपरने पाठीवर घासून बघतात, पेपर तपकिरी झाला तर पुसून या म्हणतात, आणि अर्धवट पुसलेली पाठ घेऊन स्टेजवर उभं राहण्यासारखी वाईट गोष्ट नाही. आदल्या रात्रीपासून पातळ पातळ थर द्या आणि जुनी चादर पसरून झोपा.

सक्तीच्या पोझ सात, फ्रंट डबल बायसेप्स, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप्स, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप्स, शेवटची अ‍ॅब्डॉमिनल्स अँड थाइज. रोज आरशासमोर मारता ते ठीक, पण शेवटचा महिना आरशाकडे पाठ करून मारा, स्टेजवर आरसा नसतो. प्रत्येक पोझ पायापासून बांधायची, पोटरी आधी, मग मांडी, मग वरचं शरीर. आणि दोन पोझच्या मध्ये रिलॅक्स उभे असता तेव्हा पण पंच बघतच असतात, पोट सोडून उभं राहू नका.

गुण कसे मोजतात हे कळलं की निकालावरून होणारी अर्धी भांडणं संपतील असं मला मनापासून वाटतं. इथे मार्क देत नाहीत, नंबर देतात, आणि ज्याची बेरीज कमी तो जिंकतो. समजा नऊ पंच आहेत. एका खेळाडूला मिळाले १, १, २, २, २, २, ३, ३, ५. आयएफबीबीच्या पद्धतीत सगळ्यात वरचे दोन आणि सगळ्यात खालचे दोन काढून टाकतात, म्हणजे दोन्ही १ गेले, ५ आणि एक ३ गेला, राहिले २, २, २, २, ३, बेरीज ११. दुसऱ्याला मिळाले १, १, १, ३, ३, ३, ३, ४, ४. त्याचे दोन १ गेले, दोन्ही ४ गेले, राहिले १, ३, ३, ३, ३, बेरीज १३. तीन पंचांनी पहिला नंबर दिलेला खेळाडू हरला आणि दोनच पंचांनी पहिला दिलेला जिंकला, आणि यात कोणीही लबाडी केलेली नाही. पद्धत मुद्दाम तशी ठेवलीय की एखाद्या पंचाने आपल्या माणसाला वर किंवा दुसऱ्याला फार खाली टाकलं तरी तो आकडा उडून जावा. म्हणून निकाल पटला नाही तर स्टेजवर मेडल फेकायचं नाही, शांतपणे स्कोअरशीट बघायला मागायची. मान्यताप्राप्त स्पर्धेत ती असते. जिथे स्कोअरशीटच नाही तिथे परत जायचं नाही.

खेळाडू पंधराच्या वर असतील तर आधी एलिमिनेशन, पंच नुसती फुली मारून पंधरा निवडतात, तिथे तुम्हाला मिळतात जेमतेम चार पोझ. पहिल्या तीस सेकंदात दिसलात नाही तर संपलं, म्हणून आत येतानाचं चालणंसुद्धा प्रॅक्टिस करून या.

डोपिंग, इथे जरा सावकाश वाचा

हा भाग कोणाला आवडत नाही पण मी सोडणार नाही. भारतात नाडा ही देशाची डोपिंगविरोधी संस्था टेस्ट घेते, वर वाडा ही जागतिक संस्था आहे १९९९ पासून, आणि २०२२ पासून आपल्याकडे त्यासाठी स्वतंत्र कायदाच आहे. नाडाच्या निकालांमध्ये आपल्या खेळाची नावं वर्षानुवर्षं येत राहिलीत आणि त्याची किंमत आपण सगळे भरतोय. २००२ ला बुसान आणि २००६ ला दोहा, दोन एशियन गेम्समध्ये बॉडीबिल्डिंग होतं. वर्ल्ड गेम्समध्ये १९८१ पासून होतं, २००९ ला शेवटचं. ऑलिम्पिकचं स्वप्न तर कधी जवळ आलंच नाही. आंतरराष्ट्रीय संघटना कितीही सांगो की आम्ही टेस्ट करतो, वरच्या लोकांना डोपिंगमुक्त खेळ दाखवल्याशिवाय दार उघडत नाही.

तुमच्यापुरतं काय लक्षात ठेवायचं ते सांगतो. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची, कोचने दिलं, डब्यात मिसळलेलं होतं, मला माहीत नव्हतं, यातलं काही ऐकलं तरी निकाल रद्द होतोच. स्टेरॉईड सापडलं तर बंदी साधारण चार वर्षांची. तेविसाव्या वर्षी चार वर्षं गेली म्हणजे काय ते स्वतःच बघा. सॅम्पल द्यायला नकार दिला किंवा नाव पुकारल्यावर मागच्या दाराने निघून गेलात तर ते पण पॉझिटिव्हसारखंच धरतात, पळून कोणी वाचत नाही. सॅम्पल देताना बाटल्या तुम्हीच निवडायच्या, सील तुमच्यासमोर, फॉर्मवर गेल्या आठवडाभरात घेतलेली सगळी औषधं आणि सप्लिमेंट लिहायची, सर्दीची गोळी पण. ए आणि बी असे दोन भाग होतात, ए मध्ये काही आलं तर बी उघडायला मागायचा हक्क तुमचा आहे.

आजारी आहात, दम्याचा पंप आहे, प्रेडनिसोलोनसारखी गोळी चालू आहे, तर डॉक्टरला आधी सांगा मी खेळाडू आहे. नाडाचं नो युवर मेडिसिन म्हणून अ‍ॅप आहे त्यात औषधाचं नाव टाकून बघा. आणि बंदी असलेलं औषध उपचारासाठी लागतच असेल तर टीयूई म्हणजे आगाऊ परवानगीचा अर्ज असतो, तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी नाही, महिनाभर आधी करायचा. सप्लिमेंटचं बिल, डब्यावरचा बॅच नंबर यांचा फोटो काढून ठेवा.

आणि लघवीच्या गोळ्या. पाणी काढायला म्हणून बॅकस्टेजला सर्रास वाटतात, "एकच घे, कट्स उठतील". त्या बंदी असलेल्या यादीत आहेत हे एक, पण त्याच्याआधी जीवाचं बघा. १९९२ साली मोहम्मद बेनाझिझा नावाचा मोठा प्रो बॉडीबिल्डर, नेदरलँड्समधली ग्रां प्री जिंकला आणि त्याच रात्री गेला. जिंकून. अंगातलं पाणी आणि क्षार गेले की हृदयाचा ठोका बिघडतो, ते काही ट्रॉफी बघून थांबत नाही. स्टेजमागे पायाला गोळे आलेलं, हात थरथरणारं पोरगं मी बघितलंय, साध्या मीठ साखरेच्या पाण्यासाठी तो कोचकडे बघत होता आणि कोच नको म्हणत होता. तुमच्यासमोर असं झालं तर कोचला विचारत बसू नका, स्पर्धेच्या डॉक्टरला हाक मारा. मान्यताप्राप्त स्पर्धेत डॉक्टर असायलाच हवा, नसेल तर तेही फी भरायच्या आधीच्या प्रश्नांमध्ये घाला.

प्रो लीगच्या बाजूला अशी नियमित टेस्ट नसते हे सगळ्यांना माहीत आहे. १९९० च्या मिस्टर ऑलिम्पियाला टेस्ट केल्या होत्या, पुढे ते टिकलं नाही. पण म्हणून तिकडची बॉडी बघून इकडचा प्लॅन करू नका, तुम्ही ज्या साखळीत खेळताय तिथला नियम तुम्हाला लागतो.

प्रो कार्ड आणि परदेशातली स्पर्धा

प्रो कार्ड म्हणजे व्यावसायिक स्पर्धेत उतरायची परवानगी, पगार नाही. कार्ड मिळाल्यावर परत अमॅच्युअरमध्ये येणं सोपं नसतं, आणि प्रो मध्ये तुमच्यासमोर जगभरातले लोक. फी, कार्डाचे पैसे, विमान, हॉटेल, कोच, सगळं खिशातून. म्हणून आधी ठरवा तुम्हाला काय हवंय. देशाकडून खेळायचं, नोकरी, पुरस्कार हे हवं असेल तर मान्यताप्राप्त राष्ट्रीय संघटनेचा रस्ता धरा आणि कार्डाच्या मागे लागू नका. ऑलिम्पिया हेच स्वप्न असेल तर एनपीसी वर्ल्डवाइड आणि प्रो लीगच्या पात्रता स्पर्धा बघा, बाकी कुठल्याही कार्डावर पैसे घालायच्या आधी विचारा, या कार्डावर नेमक्या कोणत्या स्पर्धेत उतरता येतं, नाव आणि ठिकाण सांगा. उत्तर गोलमोल आलं तर फोन ठेवून द्या.

देशाकडून सिलेक्शन झालं तरी खर्च सगळा संघटना करेल असं धरून चालू नका, आपल्याकडे किती पोरं दुकानदारांकडे, मंडळांकडे, नातेवाईकांकडे पैसे गोळा करून गेलीत. सिलेक्शन ट्रायलच्या दिवशीच विचारा तिकीट कोणाचं, राहणं कोणाचं, किट कोणाचं. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने असू द्या. पासपोर्टवरचं नाव आणि फेडरेशनच्या यादीतलं नाव एकच स्पेलिंगचं, वडिलांचं नाव एकात आहे एकात नाही असं झालं की रजिस्ट्रेशनच्या टेबलवर धावपळ होते. स्टेजवरच्या पोझिंग रूटीनचं म्युझिक पेनड्राइव्हवर एकच गाणं टाकून न्या, मोबाईलवर नको, आणि साठ सेकंदात कापून, त्याच्या पुढे ते बंद करतात.

आता शेवटचं, फाईल. एक प्लास्टिकची फाईल घ्या. त्यात प्रत्येक स्पर्धेचं मान्यतापत्र, एंट्री फॉर्मची झेरॉक्स, फीची पावती, निकालाची यादी ज्यावर सचिवाची सही आणि संघटनेचा शिक्का आहे, आणि सर्टिफिकेट. निकालाची यादी त्याच रात्री मागा, स्टेजवरचे लाईट बंद व्हायच्या आत, कारण आठवड्याने आयोजक दुसऱ्या कामात असतो. सर्टिफिकेट हातात घेतल्याबरोबर चार गोष्टी तिथेच वाचा: तुमचं पूर्ण नाव, तारीख, गट आणि नंबर, संलग्न संघटनेचं नाव आणि नंबर. काही चुकलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या, फोटो काढायला नंतर वेळ असतो.